करवतीच्या मेजाचे पंख

चक्राकार करवतीच्या मेजाकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम पात्याकडे जाते. दात्यांची धार, मोटारीची शक्ती, पाते वरखाली करणारे चाक यांचीच चौकशी यंत्र विकत घेताना होत असते. मेजाचा बिडाचा पृष्ठभाग किती लांब-रुंद आहे हा प्रश्न बहुधा यंत्र कार्यशाळेत येऊन बसल्यावर, आणि प्लायवूडचा पहिला अखंड तक्ता त्यावर चढविल्यावर उपस्थित होतो. तोवर उशीर झालेला असतो असे नाही. कारण मेज वाढविता येते. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जी जोडफळी बसवितात तिला कारागीर 'पंख' म्हणतात. हे पंख कार्यशाळेतच, थोड्या खर्चात आणि त्याच करवतीच्या साहाय्याने तयार करता येतात. परंतु ते कसे करावेत हे पाहण्यापूर्वी ते कशासाठी करावयाचे हे स्पष्ट झाले पाहिजे. सामान ठेवण्यास जागा मिळते म्हणून पंख बसविणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पंख पाहताक्षणीच ओळखू येतात : त्यांवर डबे, खिळ्यांच्या पुड्या आणि चहाचे पेले मांडलेले असतात.

भार कोणी वाहावयाचा?

दहा इंची पाते असलेल्या यंत्राचा पृष्ठभाग पुढून मागे सुमारे २७ इंच, म्हणजे ६८५ मिलिमीटर असतो. मधला बिडाचा भाग आणि यंत्राबरोबर आलेले दोन अरुंद पंख मिळून त्याची रुंदी ४० इंचांच्या, म्हणजे एक मीटरच्या आसपास भरते. उलट प्लायवूडचा प्रचलित तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटर असतो. जाडी १८ मिलिमीटर असल्यास त्याचे वजन सुमारे ३२ किलोग्रॅम होते. हरियाणातील यमुनानगरचा पॉपलरचा माल असो वा केरळातील पेरुंबावूरचा रबराच्या झाडाचा, त्यात थोडाफार फरक पडेल इतकेच.

असा तक्ता अगोदरच अर्धा केलेला आहे आणि त्याची ६१० मिलिमीटर रुंदीची, २४४० मिलिमीटर लांबीची पट्टी उभी चिरावयाची आहे, असे समजू. तिचे वजन १६ किलोग्रॅम. पट्टी अर्ध्याहून अधिक मेजाच्या मागे गेली की तिचा गुरुत्वमध्य मेजाच्या कडेबाहेर पडतो आणि पुढचे टोक खाली झुकू लागते. पट्टीचे ४०० मिलिमीटर मेजावर शिल्लक राहतात, म्हणजे तिची शेपटी पात्याच्या तोंडाशी येते, तेव्हा गुरुत्वमध्य कडेपासून ८२० मिलिमीटर दूर असतो. तरफेच्या साध्या नियमाने हिशेब केला तर पट्टी आडवी ठेवण्यासाठी कारागिराला शेपटीवर सुमारे ३३ किलोग्रॅमचा दाब द्यावा लागेल. पट्टी पात्यातून पूर्ण बाहेर पडताना तिचे केवळ २०० मिलिमीटर मेजावर असतात. त्या क्षणी हाच दाब ८० किलोग्रॅमच्या पुढे जातो. जवळजवळ एका माणसाच्या वजनाएवढा हा जोर फिरत्या पात्यापासून वीतभर अंतरावर हातांनी द्यावयाचा आहे, आणि त्याच हातांनी पट्टी सरळ पुढेही सरकवावयाची आहे. हे कोणालाच साधणारे नाही. साधत नाही म्हणूनच शेपटी वर उचलली जाते, किंवा कारागीर शरीराचा भार टाकून पुढे वाकतो. आणि या दोहोंपैकी काय अधिक वाईट हे सांगणे कठीण आहे.

शेपटी उचलली गेली म्हणजे काय होते? पात्याचा पुढचा भाग खाली येत असतो व लाकडाला मेजावर दाबत असतो. मागचा भाग मात्र मेजातून वर चढत असतो. वर उचललेले अथवा वाकडे झालेले लाकूड या चढत्या दात्यांत सापडले की दाते त्याला उचलून पुढे, कारागिराच्या अंगावर भिरकावतात. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास ४००० फेरे घेत असेल तर दात्यांचा वेग सेकंदास ५३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. उसळलेल्या लाकडाची इजा तर होतेच. पण अधिक घात होतो तो लाकूड निसटल्यावर त्यावर रेटलेला हात पात्यावर जातो त्यामुळे. बाजूला लोंबणारा तुकडाही असाच दगा देतो. आधाराअभावी तो खाली कलतो, कापाची फट मिटते आणि पाते चिमटले जाते.

ही फट उघडी ठेवण्यासाठी पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी केलेली असते. तिला येथे फटपट्टी म्हणू. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली राज्यांनी जे नियम केले त्यांत चक्राकार करवतीला अशी पट्टी आणि पात्यावर झाकण असण्याची अट घालण्यात आली. ब्रिटनने १९७४ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी केलेले नियम आणखी एक पाऊल पुढे गेले. कापलेला माल ओढून घेण्यास मदतनीस नेमलेला असेल तर त्याने मेजाच्या मागच्या टोकाशीच उभे राहिले पाहिजे, आणि पात्याच्या वर चढणाऱ्या भागापासून ते टोक किमान १२०० मिलिमीटर दूर असेल इतके मेज वाढविलेले असले पाहिजे, असे त्यांत सांगितले होते. लहान पात्याच्या हलविता येण्याजोग्या यंत्रांना त्यातून सूट होती. परंतु तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आठ फुटी तक्त्याची निम्मी लांबी १२२० मिलिमीटर भरते. पात्यामागे जवळजवळ तेवढाच आधार मिळाला की कापून बाहेर पडलेली पट्टी स्वतःच्या भाराने कलण्याच्या बेतात राहत नाही, आणि दाबाचा वरचा सगळा हिशेब संपुष्टात येतो.

भारतातील बहुसंख्य सुतारशाळा लहान आहेत. शक्तीवर चालणारी यंत्रे असली तरी दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेली जागा मूळ अधिनियमाच्या व्याख्येतच बसत नव्हती. तेथे मागचा पंख म्हणजे बहुधा एक पोऱ्या असतो. तो कापलेले लाकूड हातांत झेलतो, आणि कौतुक वाटावे म्हणून थोडे ओढतोही. त्याने टोक दोन बोटे वर उचलले तरी फट मिटते. डावीकडे ओढले तरी मिटते. पाते दिसत नाही अशा ठिकाणी उभे राहून दुसऱ्याच्या हातांची काळजी वाहण्याचे काम कार्यशाळेतील सर्वांत अननुभवी माणसाकडे सोपविण्याची ही रीत जितक्या लवकर जाईल तितके बरे. दोन चौरस मीटर प्लायवूडमध्ये ते काम होते.

किती मोठा पंख?

अखंड तक्ता मधोमध चिरताना पात्याच्या दोन्ही बाजूंना ६१० मिलिमीटर माल असतो, आणि मेजाची कड पात्यापासून ५०० मिलिमीटरवर संपते. उजवीकडे, जेथे मार्गपट्टी असते, तेथे ६०० ते ७०० मिलिमीटरचा पंख जोडला असता प्लायवूडच्या बहुतेक सर्व कामांची सोय होते. डावीकडे ३०० मिलिमीटर पुरे. मागचा पंख हजार मिलिमीटरपेक्षा आखूड करू नये. मेजाच्या मागच्या भागाचे २०० मिलिमीटर धरून पात्यापासून १२०० मिलिमीटर होतात. कार्यशाळा दुकानाच्या गाळ्याएवढीच असेल तर मागचा पंख बिजागऱ्यांवर खाली पडणारा करावा. मेजाच्या रुंदीएवढी लांब सलग बिजागरी उत्तम, मात्र तिची दांडी पृष्ठभागाच्या खाली राहिली पाहिजे.

पंखाला पाय द्यावेत की तिरपा धिरा द्यावा, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. यंत्र जड आणि जमिनीत बोल्टांनी बसविलेले असल्यास धिरा चालतो व पायांत भुसा अडकत नाही. परंतु पंचवीस-तीस किलोग्रॅम वजनाच्या हलक्या यंत्राला मागे मीटरभर पंख लावून त्यावर ३२ किलोग्रॅमचा तक्ता सरकविला, तर यंत्रच पुढचे पाय उचलील. अशा यंत्राच्या पंखाला स्वतःचे पाय असलेच पाहिजेत. येथे मतभेदाला जागा नाही.

पोकळ फळा

पंखाचे सर्वांत मोठे वैर झुकण्याशी असते. एका टोकाला पकडलेल्या फळीच्या मोकळ्या टोकावर भार ठेवला तर तिचा झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : लांबी दुप्पट केली की झुकाव आठपट. उलट जाडी दुप्पट केली की तो एकअष्टमांश होतो. म्हणून पहिला विचार मनात येतो तो जाड सागवानी फळ्या जोडून पंख करण्याचा. तो सोडून द्यावा. अस्सल लाकूड आडव्या दिशेने ऋतूबरोबर फुगते व आकसते. सागवान या बाबतीत पुष्कळच समजूतदार आहे. तरीही लाकडातील ओलावा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सहा टक्क्यांनी वाढला तर ३०० मिलिमीटर रुंदीची फळी तीन-साडेतीन मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. रुंदावते तशी ती वळतेही, आणि बिडाच्या शेजारी वळलेली फळी काय कामाची? भारतीय मानकाने हवेतील सरासरी आर्द्रतेनुसार लाकडाच्या दृष्टीने देशाचे चार विभाग पाडले आहेत. जोधपूरला निर्दोष ठरलेला पंख कोकणात वा कोलकात्यात तसाच राहील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

यावरचा उपाय म्हणजे पोकळ फळा. प्लायवूडचे दोन पातळ पडदे घ्यावयाचे आणि त्यांच्यामध्ये पट्ट्यांची चौकटी जाळी बसवून सर्व एकजीव चिकटवावयाचे. हे तत्त्व अपरिचित नाही. घरोघरीची पोकळ फ्लश-दारे याच कल्पनेवर बनतात. ६ मिलिमीटरचे दोन पडदे नुसते एकमेकांवर चिकटविले तर १२ मिलिमीटरची साधी फळी होते. त्यांच्यामध्ये ५० मिलिमीटर उंचीची जाळी बसविली की कागदावरच्या हिशेबाने तिचा ताठपणा पासष्टपट होतो. प्रत्यक्षात जाळीची व चिकटाची थोडी लवचीकता वजा होते. तरी राहते ते गरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. वाकण्याच्या क्रियेत वरचा पडदा दाबला जातो व खालचा ताणला जातो. दोघे जितके दूर तितका त्यांचा विरोध अधिक. मधले लाकूड जवळजवळ काहीच करीत नाही, म्हणूनच ते काढून टाकता येते.

विमानाच्या पंखाशी असलेले हे साम्य केवळ नावापुरते नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने बनविलेले 'मॉस्किटो' हे विमान लाकडी होते. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. त्याच्या पंखाचा वरचा भाग बर्च-प्लायवूडच्या दोन पडद्यांचा असून त्यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या होत्या. १९४४ मध्ये भारतात आलेली यांतील काही विमाने हवेतच मोडून पडली आणि नोव्हेंबर महिन्यात येथील मॉस्किटोंची उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली. दोष मोसमी हवेचा की कारखान्यात नीट न बसलेल्या सांध्यांचा, यावर तज्ज्ञांत वाद झाला. सुताराला या वादातून दोन्ही गोष्टी घेता येतात. चिकटविताना सांध्यात फट राहिली तर सरस ती भरून काढील या भरवशावर राहू नये; आणि आपली कार्यशाळा समुद्रकिनारी असेल तर नेहमीच्या पांढऱ्या सरसाऐवजी पाणी सोसणारा सरस वापरावा.

जाळीसाठी १२ मिलिमीटर प्लायवूडच्या, ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. मार्गपट्टी एकदा बांधली की शेवटची पट्टी कापून होईपर्यंत ती हलवू नये. सर्व पट्ट्या एकाच उंचीच्या असणे हेच फळ्याच्या सपाटीचे मूळ आहे. घरे १५० ते २०० मिलिमीटरची ठेवावीत, नाहीतर वरचा पडदा घरांच्या मध्यभागी दबतो. जेथे बोल्ट जाणार तेथे घर भरीव लाकडाने बुजवावे. हे काम मागाहून करता येत नाही आणि हमखास विसरले जाते.

फळा कशावर ठेवून चिकटवावयाचा, हा कळीचा मुद्दा आहे. सरस वाळेपर्यंत तो ज्या आकारात राहील तो आकार त्याला कायमचा मिळतो. पीळ पडला तर नंतर कोणताही रंधा तो काढू शकत नाही. कार्यशाळेतील सर्वांत सपाट वस्तू म्हणजे करवतीचे बिडाचे मेजच. लहान पंख पात्याला पूर्ण खाली उतरवून, मेजावर कागद अंथरून तेथेच करावा. मोठ्यासाठी दोन सरळ तुळया आडव्या मांडून त्यांच्या चारही टोकांवरून कर्णाकर्णी दोन दोऱ्या ताणाव्यात. मध्यभागी दोऱ्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करीत असतील, आणि वरची खाली व खालची वर केल्यावरही तसाच स्पर्श राहील, तर तुळयांत पीळ नाही. दाबासाठी शिकंजे कमी पडतात तेथे सिमेंटच्या गोण्या उत्तम काम देतात. वजन सर्वत्र सारखे पसरते. एक रात्र त्यांना हलवू नये.

वरच्या पृष्ठभागावर गुळगुळीत लॅमिनेट लावल्यास तक्ता सहज सरकतो. लावावयाचे तर खालच्या बाजूसही लावावे, निदान दोन्ही बाजूंना व कडांना सारखेच रोगण द्यावे. एकाच बाजूने ओलावा घेणारा फळा त्याच बाजूने फुगतो आणि डोलीसारखा वळतो.

जोडणी

बऱ्याच यंत्रांच्या बिडाच्या कडांना आट्यांची भोके कारखान्यातूनच पाडलेली असतात. त्यांना ४० × ४० × ५ मिलिमीटरचा लोखंडी कोन बोल्टांनी बसवावा व पंख त्यावर टेकवावा. कोनाच्या उभ्या बाजूची भोके लांबट ठेवली म्हणजे बोल्ट सैल करून पंख वर-खाली करता येतो. बोल्ट आवळताना जोर करू नये. बीड कठीण असते पण चिवट नसते, आणि कड उडाली तर मेज गेलेच.

बाजूचा पंख मेजाशी तंतोतंत समपातळीत हवा. तपासणी सरळ पट्टीने करावी, पण ती पट्टी सरळ आहे याची खात्री प्रथम करून घ्यावी. पट्टीच्या कडेने कागदावर रेघ ओढावी, पट्टी उलटून तीच कड पुन्हा त्या रेघेवर ठेवावी. दोन रेघांत फट दिसली तर पट्टीतच दोष आहे. नंतर ती मेजावर व पंखावर आडवी ठेवून तिच्याखाली ठिकठिकाणी साध्या लिहावयाच्या कागदाच्या चिठ्ठ्या सरकवाव्यात. असा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. एक चिठ्ठी घट्ट व दुसरी सैल लागली तर तेवढाच फरक आहे असे समजावे आणि पत्र्याचे पातळ तुकडे घालून तो काढावा. पाणसळीचा येथे उपयोग नाही. ती जमिनीशी समांतरता दाखविते. येथे हवी आहे ती मेजाशी. मेज स्वतः थोडे कललेले असले तरी काम बिघडत नाही, पण पंखाने त्याच्याबरोबरच कलले पाहिजे. बाहेरची कड उंच राहिली तर लाकूड पात्याजवळ मेजापासून सुटते. म्हणून चूक राहणारच असेल तर केसभर खाली राहू द्यावी, वर कधीही नाही.

मागच्या पंखाचा नियम निराळा. तो जाणूनबुजून एक ते दोन मिलिमीटर खाली बसवितात आणि त्याच्या मेजाकडील कडेला उतार देतात. पुढे जाणाऱ्या तक्त्याचे टोक किंचित लवलेले असते. पंख समपातळीत असेल तर ते कडेला अडते, आणि काप अर्ध्यावर असताना तक्ता अडणे म्हणजे मागचाच धोका पुढच्या दाराने आत घेणे होय. मेजावर सरकत्या मोजपट्टीसाठी ज्या खाचा असतात त्या मागच्या पंखातही तशाच पुढे न्याव्यात, पण थोड्या रुंद. पंखाऐवजी मागे रूळ ठेवण्याची पद्धत आहे. रूळ पात्याशी अचूक काटकोनात नसेल तर तो तक्त्याला एका बाजूस नेतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दोन गोष्टी मात्र पंख बसविण्यापूर्वीच पाहाव्या लागतात. पंखामुळे मोटारीचा वारा कोंडू नये, आणि यंत्राची कळ पंखाखाली दडू नये. दोन्ही हात तक्त्यावर असताना गुडघ्याने अथवा मांडीने बंद करता येईल अशा जागी ती आणावी, मग त्यासाठी तार वाढवावी लागली तरी चालेल.

सर्व जुळल्यावर पहिली फेरी मोटार न लावता करावी. पाते खाली उतरवून, विजेची जोडणी काढून, अखंड तक्ता पुढून मागे सरकवीत न्यावा आणि कोठे अडतो, कोठे उचलतो, कोठे हात नकळत दाब देऊ लागतो हे पाहावे. शेपटी मेजाच्या मध्यावर आली की दोन्ही हात काढून घ्यावेत. तक्ता जागच्या जागी पडून राहिला तर पाते वर आणण्यास हरकत नाही. हीच फेरी पहिल्या पावसाळ्यानंतर, आश्विनात हवा कोरडी झाली की, पुन्हा करावी आणि तोवर पत्र्याचे उरलेले तुकडे टाकून देऊ नयेत.